चंद्रभागेच्या उगमाकडे: चिखलदरा, गाविलगड, वैराट, मुक्तागिरी

गुरुवार

पितृपक्षात कोणी फिरायला निघत नाही. चिखलदऱ्याला जायचं तर म्हणूनच हे दिवस चांगले. जुलै-ऑगस्टच्या रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. वर पोचावं तर धुकं इतकं दाट, की पॉइंटच्या कठड्याला पोट टेकवून उभं राहिलं तरी समोर नुसतं पांढरं. ऑक्टोबर लागेपर्यंत धुकं पातळ झालेलं असतं, धबधब्यांना पाणी शिल्लक असतं आणि लॉजवाला भावात उतरतो. ताईच्या सासूबाईंना मात्र हे काही पटलं नाही. "पितरांच्या दिवसात हिंडाले चालले," एवढंच बोलल्या आणि दशम्या, तिळाची चटणी बांधून दिली.

आम्ही तिघं. भाऊजींची गाडी, भाऊजी चालवायला, मी शेजारी, मागे भाची. भाची अमरावतीला भूगर्भशास्त्रात एमएस्सी करते, त्यामुळे तिच्या बॅगेत कपड्यांपेक्षा हातोडी, भिंग आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले दगड जास्त.

दर्यापूर सोडलं की अंजनगावपर्यंत सगळी काळी सपाट जमीन. सोयाबीन कापून गंज्या लागल्या होत्या, तूर हिरवीगार, कपाशीला पहिली बोंडं फुटू लागलेली. आणि समोर उत्तरेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा डोंगर. दर्यापूरकरांना तो जन्मापासून दिसतो. आमच्या गावावरून वाहणारी चंद्रभागा त्याच डोंगरातून येते, हेही शाळेत असताना पाठ केलेलं. पण ती नेमकी कुठून निघते हे बघायला मी कधी गेलो नव्हतो. या वेळी मनात तेवढंच पक्कं होतं. पॉइंट बघायचे ते जाता येता बघू.

खारपाणपट्ट्यातल्या माणसाला डोंगरातल्या पाण्याचं जे अप्रूप असतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडे विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. आता शहानूर धरणाचं पाणी नळाने येतं म्हणून निभतं. माझ्या आईने अर्धं आयुष्य गोड पाण्याच्या एका विहिरीवर रांग लावण्यात घालवलं. भाचीने याचं कारण गाडीतच सांगितलं. डोंगराच्या पायथ्याशी जमीन तुटलेली आहे, तिला गाविलगड भ्रंश म्हणतात. त्याच्या दक्षिणेचा भाग खाली बसला आणि त्या खोलगटात पूर्णेने आणि तिला मिळणाऱ्या नद्यांनी गाळ आणून भरला. या गाळाला नीट निचरा नाही, क्षार आतच साठून राहिले.

"म्हंजे आपली काळी माती या डोंगरातूनच आली," भाऊजी म्हणाले.

"हो बाबा. आणि मीठ आपल्याकडेच राहिलं."

अंजनगाव सुर्जीला चहा. इथले पानमळे आणि केळीच्या बागा पाहिल्या की खारपाणपट्टा मागे पडला हे कोणी सांगावं लागत नाही. याच गावात ३० डिसेंबर १८०३ ला शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला. त्याआधीचा महिनाभर या पट्ट्यात काय काय घडलं ते उद्या गाविलगडावर येईलच.

पथ्रोटवरून परतवाडा, तिथे पोटभर जेवण, मग धामणगाव गढीवरून घाट. अर्ध्या घाटात भाचीने गाडी थांबवायला लावली. रस्त्यासाठी डोंगर कापलेला, कातळ उघडा. तिने बोटाने दाखवेपर्यंत मला तो एकसंध काळा दगड वाटत होता. मग दिसू लागलं: एक जाड, घट्ट थर, त्याच्यावर भोकाभोकांचा थर, मध्ये विटकरी लाल मातीची पट्टी, पुन्हा घट्ट थर. घडीच्या पोळीचे पदर सुटावेत तसे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला. दोन लाव्ह्यांच्या मध्ये बराच काळ गेला तर खालच्या थराचा पृष्ठभाग झिजून माती व्हायचा, आणि वरून नवा लाव्हा आला की ती भाजून लाल व्हायची. भोकं म्हणजे लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे. काही भोकांत पुढे पांढरे स्फटिक भरले. भिंगातून पाहिलं तर एका वाटाण्याएवढ्या भोकात सुयांची अख्खी गंजी उभी होती.

"धबधबे का पडतात ते आता कळलं ना मामा? वरचा थर घट्ट, तो टिकतो. खालचा भोकांचा, तो लवकर झिजतो. पाणी तिथे आत खात जातं, वरचा थर छज्जासारखा पुढे येतो आणि एक दिवस तुटतो. मग धबधबा थोडा मागे सरकतो."

पुढचे सगळे दिवस मी प्रत्येक धबधब्याखाली तो छज्जा शोधत राहिलो आणि बहुतेक ठिकाणी तो सापडला.

वर पोचलो तेव्हा चार वाजले होते. चिखलदऱ्याचं पठार १११८ मीटरवर. हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनने १८२३ मध्ये हे ठिकाण 'शोधलं' असं सगळीकडे लिहितात. गवळी इथे म्हशी चारत होते, कोरकू नांगर धरत होते, खाली चारशे वर्षं जुना किल्ला उभा होता. साहेबाला फक्त गारवा सापडला. इंग्रजांनी मागे ठेवलेली कॉफीची झाडं मात्र अजून आहेत.

खोलीत सामान टाकून भीमकुंड. कथा सगळ्यांना माहीत आहे: विराटाच्या घरी अज्ञातवासात असताना भीमाने कीचकाला मारलं, दरीत फेकलं आणि या कुंडात अंग धुतलं. धबधबा रस्त्याजवळ, पण दिसतो तो वरून, आपल्या पायाखाली पडताना. म्हणून त्याची खरी उंची पहिल्या नजरेत कळत नाही. पाण्याची धार कड्यावरून सुटते आणि अर्ध्यावर तिचा नुसता तुषार होतो. खाली जे पोचतं ते आवाज म्हणून पोचतं. मी घड्याळ बघत बसलो नाही, पण भाऊजींचे दोन भुट्टे खाऊन झाले तरी आम्ही तिथेच होतो. सूर्य कलला तसा समोरच्या कड्यावर थरांच्या रेघा उठून आल्या, दुपारी घाटात शिकलेल्या. लाल पट्टी तिथेही होती, पाण्याच्या धारेला आडवी.

लॉजवाल्याने गरम पाणी सकाळी सहाला मिळेल असं सांगितलं.

शुक्रवार

मिळालं नाही. भाऊजींनी थंड पाण्याने आंघोळ केली आणि ते दिवसभर सगळ्यांना सांगितलं.

देवी पॉइंटला सकाळीच गेलो, गर्दीच्या आधी. पायऱ्या उतरून खाली कातळाच्या पोटात देवीचं ठाणं आहे. वरून ओहोळ येतो आणि कातळाच्या छतातून पाणी ठिबकत राहतं. आपण देवीसमोर उभे असतो आणि खांदे भिजत असतात. हाच चंद्रभागेचा उगम म्हणतात. मी बोट छताला लावलं. शेवाळ्याखाली दगड सुटा, खडबडीत, भोकाभोकांचा होता. भाचीने मान हलवली: पाणी वरच्या थराच्या भेगांतून उतरतं आणि इथे बाहेर पडतं. थेंब पडत होता ती जागा खळग्यासारखी घासलेली, एक कप पाणी मावेल एवढी. मी ओंजळीत घेऊन प्यायलो. दर्यापूरच्या पुलाखाली जे वाहतं त्याच्याशी या पाण्याचं काही नातं असेल असं जिभेला तरी पटलं नाही. भाऊजींनी बाटली भरून घेतली, आईला दाखवायला.

पुजारीबुवा नवरात्राच्या तयारीत होते. "घट बसले का पाय ठेवाले जागा नसते. तुमी बरे आले आत्ता."

देवी पॉइंटच्या काठावरून समोर गाविलगड दिसतो, मध्ये दरी. तटाची रेघ डोंगराच्या कडेकडेने जाते आणि झाडीत शिरते. पाहिल्यावर राहवेना.

वाटेत पंचबोल. दरी अशी वळलेली की आवाज पाच वेळा परत येतो म्हणतात. तिथे कॉलेजची पोट्टे गँग एकमेकांची नावं ओरडत होती, त्यामुळे कोणता आवाज मूळचा आणि कोणता परतीचा ते कळायला मार्ग नव्हता. जागा सुंदर आहे, डोंगरांच्या सोंडा एकामागे एक गेलेल्या. तिथे गप्प उभं राहणाऱ्यासाठी एखादी वेळ राखून ठेवायला हवी.

गाविलगड व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. नाक्यावर पावती फाडायची आणि दिवस मावळायच्या आत बाहेर पडायचं. आमच्याबरोबर एक म्हातारबाबा आले, कोरकू, हातात काठी, पायात प्लॅस्टिकचे बूट. बोलणं कोरकू, हिंदी आणि वऱ्हाडी यांची भेळ. अस्वल कुठे बसतं, कुठल्या बुरुजाजवळ मधमाश्या आहेत, हे त्यांना ठाऊक. आम्हाला तेवढंच हवं होतं.

किल्ला बहमनी सुलतान अहमदशहा वलीच्या काळातला, साधारण १४२५ चा. पुढे बहमनी राज्य फुटलं आणि वऱ्हाडात इमादशाही आली, राजधानी अचलपूर. फतहुल्ला इमाद-उल-मुल्कने १४८८ च्या सुमारास इथे डागडुजी आणि नवं बांधकाम केलं. हा फतहुल्ला जन्माने विजयनगरच्या मुलखातल्या ब्राह्मणाघरचा, लढाईत पकडला जाऊन मुसलमान झालेला. हे माहीत नसेल तर दिल्ली दरवाजा समजत नाही.

दरवाजा म्हणजे दिवसभरातली सगळ्यात मोठी मिळकत. कमानीच्या दोन्ही अंगांना दगडात गंडभेरुंड कोरलेला आहे, दोन तोंडांचा पक्षी, आणि त्याच्या तावडीत हत्ती. मी जवळ जाऊन पाहिलं. पंजाच्या नख्या वेगवेगळ्या आहेत. हत्तीची सोंड वर वळलेली, पण पाय लोंबकळताहेत, म्हणजे कारागिराने हत्तीचं वजन काढूनच घेतलं. पक्ष्याच्या मानांवर पिसांच्या ओळी, पावसाने अर्ध्या पुसलेल्या, आडोशाच्या बाजूला मात्र अजून धारदार. कानडी मुलखातलं हे चिन्ह सातपुड्यात, एका सुलतानी किल्ल्याच्या वेशीवर! फतहुल्ला आपलं घर विसरला नव्हता, असं मला वाटतं. जाणकार दुसरं काही सांगतील.

भाची तोपर्यंत दगडाकडे बघत होती. "कोरीव कामाला घट्ट थरातला दगड घेतलाय, भराव भोकांच्या दगडाचा." म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटालाही ते थर माहीत होते.

पुढे आत चालत जायचं. गवत छातीएवढं, तेरड्याची गुलाबी फुलं, आणि सागाची पानं जाळीदार झालेली. पावसाळ्याच्या शेवटी एक अळी सागाचं पान असं खाते की शिरा तेवढ्या राहतात. पान उन्हाला धरलं की पूर्ण नकाशा. म्हातारबाबांनी एक कोवळं, न खाल्लेलं पान तोडून भाचीच्या तळहातावर चोळलं. हात लालभडक. "मेहंदी," म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

देवतलाव, खानतलाव, मछली तलाव, एवढ्या उंचीवर भरलेले तलाव. जुन्या मशिदीचे घुमट, नक्षीची दगडी जाळी, तटावर तोफा. जामा मशिदीच्या चौथऱ्यावर बसून दशम्या खाल्ल्या. खाली दक्षिणेला सगळा वऱ्हाड पसरलेला. दर्यापूर कुठे असेल ते भाऊजींनी तीन वेगवेगळ्या दिशांना दाखवलं.

आता १८०३. नोव्हेंबरच्या २९ तारखेला अडगावला इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. राहिला गाविलगड. आर्थर वेलस्ली, ज्याने पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं तोच, स्वतः दक्षिणेच्या दरवाजासमोर ठाण मांडून बसला. पण खरा मारा उत्तरेकडून होता. कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी अचलपुराहून धामणगावमार्गे डोंगरात शिरली. ७ ते १२ डिसेंबर माणसांनी स्वतः रस्ते केले आणि जड तोफा हातांनी ओढत वर आणल्या. काल आम्ही गाणी लावून ज्या बाजूने चढून आलो तीच ही बाजू. १४ च्या रात्रीपर्यंत तटाला खिंडार पडलं आणि १५ तारखेला हल्ला झाला. बाहेरचा कोट पडला तरी आतल्या कोटाची वेस फुटेना, तेव्हा कॅप्टन कॅम्पबेल काही लोक घेऊन मधल्या घळीतून शिड्या लावून चढला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला, जो निजामाच्या वाट्याला गेला.

ती घळ आम्ही पाहिली. मी तिच्या काठावर उभा राहून खालपर्यंत नजर टाकली. पावसाचं पाणी अजून झिरपत होतं. शिडी लावायला पाय कुठे ठेवला असेल याचा अंदाज करता करता माझाच पाय घसरत होता, म्हणून मागे सरलो. निसर्गाने तिन्ही बाजूंनी कडे दिले आणि उत्तरेला एक चिंचोळी मान ठेवली. तेवढ्या मानेवर सगळं गेलं.

१८५८ मध्ये तात्या टोपे इकडे आसरा घेतील या धास्तीने इंग्रजांनी तटबंदी मोडून टाकली. त्यामुळे आज जी पडझड दिसते ती सगळी काही काळाने केलेली नाही.

परतताना म्हातारबाबांनी आम्हाला जवळजवळ पळवत आणलं. ऊन तटाच्या वरच्या ओळीवर आलं की ते मागे वळून बघायचे आणि काठी आपटायचे. नाक्यावर पैसे घेतले, चहा घेतला नाही.

शनिवार

शक्कर तलाव आणि कॉफीची बाग सकाळी उरकली. मोझरी पॉइंटवर वारा एवढा की भाऊजींची टोपी दरीत गेली. ती अजून तिथेच असेल.

वैराटला जिप्सी करून जावं लागतं. ११७८ मीटर, मेळघाटातली सगळ्यात उंच जागा. चिखलदऱ्यापेक्षा अवघे साठ मीटर उंच, पण माणसांपासून पुष्कळ लांब. इथे आधी गाव होतं. व्याघ्र प्रकल्पासाठी त्याचं पुनर्वसन झालं आणि शेतांचं कुरण झालं. गाईडने गाडी थांबवली. गवतात सात-आठ काळे डाग, त्यातला एक हलला आणि त्याची पांढऱ्या मोज्यांची पायं दिसली. रानगवे. मोठा नर आमच्याकडे बघत रवंथ करत राहिला. जिथे कोणाच्या तरी घराचा ओटा असेल तिथे तो उभा होता. एक आंब्याचं झाड आणि चिंच, रांगेत लावल्यासारखी, तेवढी खूण. वाघासाठी जागा हवी हे मला पटतं. मेळघाट १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आला, त्याचं फळ दिसतंच आहे. पण ती चिंच कोणी लावली असेल, हे विचारायला आता तिथे कोणी नाही.

वैराटहून उत्तरेकडे पाहिलं की दक्षिणेसारखा कडा नाही. डोंगर लाटेलाटेने उतरत जातात, सगळं साग आणि बांबूचं रान. भाचीने इथेच पाण्याचा हिशेब मांडला. या धारेच्या उत्तरेला पडलेला पाऊस सिपना, गडगा, खापरा, खंडू यांतून तापीला जातो. दक्षिणेला पडलेला चंद्रभागा, शहानूर यांतून पूर्णेला. आणि पूर्णा पुढे खानदेशात चांगदेवला तापीलाच मिळते.

"म्हणजे इथे उजवीकडे थुंकलं काय अन् डावीकडे थुंकलं काय," भाऊजी म्हणाले, "सारं चांगदेवालेच जाते."

"पण डावीकडचं आपल्या शेतातून जातं, बाबा."

दुपारी आमझरीच्या बाजूने फिरलो. मधासाठी नाव असलेलं गाव. कोरकूंचं गाव लांबूनच ओळखू येतं: मधोमध रुंद सरळ रस्ता, दोन्हीकडे एकमेकांसमोर घरांच्या रांगा, भिंती शेणामातीने नुकत्या सारवलेल्या. एका घरासमोर बाई कुटकी, म्हणजे बारीक भरडधान्य, पाखडत होती. सुपाची प्रत्येक झटक आणि दाणे परत त्याच जागी. मी विकत मागितली. तिने आधी भाचीला शेजारी बसवून घेतलं, मग नवऱ्याला हाक मारली, मग भाव सांगितला, आणि वरून दोन सीताफळं घातली. मेळघाटाचं नाव पेपरात येतं ते बालमृत्यू आणि कुपोषणासाठीच. ते खोटं नाही. पण बातमीत कुटकी पाखडणारी बाई कधीच येत नाही, म्हणून लिहिलं.

संध्याकाळी घटांगवरून सेमाडोहला उतरलो. रस्ता वाकडातिकडा, दोन्हीकडून बांबू आत आलेला. सिपनेच्या काठी मुक्काम. धबधबे बघून आलेल्याला इथे वेगळंच पाणी भेटतं: रुंद, संथ, गोल गुळगुळीत दगडांवरून जाणारं. कालचा छज्जा तुटतो आणि त्याचे असे गोटे होतात. भाचीने एक उचलला, फोडला. आत पांढऱ्या आणि निळसर वळ्यांचा अकीक. तो तिथेच ठेवून द्या असं गाईड म्हणाला. तिने ठेवला, पण फोटो इतके काढले की दगडाला दृष्ट लागावी.

जेवणात ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, वांग्याचं भरीत. वरण मऊसूत शिजलेलं. खारपाणपट्ट्याचा माणूस अशा गोष्टीवर दोन मिनिटं थांबतो.

रविवार

सेमाडोहहून परतवाडा आणि तिथून खरपीमार्गे मुक्तागिरी. जागा मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात, पण येण्याजाण्याचा रस्ता आपला. जैनांचं सिद्धक्षेत्र, डोंगराच्या घडीत ५२ मंदिरं, पांढरी शिखरं, आणि त्यांच्या मधोमध धबधबा.

पायऱ्या चढायला लागतात पण चढ अंगावर येत नाही, कारण दर वळणावर थांबायला मंदिर आहे. एक मंदिर कातळात कोरलेलं. धबधब्याच्या कड्यालगतच्या ओवरीत उभं राहिलं की डाव्या हाताला घंटा आणि उजव्या हाताला पाणी. पावसाळ्यात हा धबधबा भरून पडतो. आता धार आटोपशीर झाली होती आणि म्हणूनच मागचा कातळ दिसत होता. घट्ट थर, खाली खोबण, पुन्हा घट्ट थर. तीन दिवसांत जे भाचीने सांगितलं ते इथे एका नजरेत. चिखलदऱ्याचे धबधबे आपण वरून बघतो, मुक्तागिरीचा समोरून. ज्याला धबधबा कसा घडतो हे बघायचंय त्याने भीमकुंडाच्या आधी इथे यावं.

एका जैन आजोबांनी भाचीला हातोडी बॅगेतून बाहेर काढू नको असं हळूच सांगितलं. तिने कान पकडले. मग तेच आजोबा केशराचा पाऊस पडतो म्हणतात ती जागा दाखवायला आमच्याबरोबर वर आले, गुडघे दुखत असताना.

उतरताना भाऊजींचा सौदा सुरू झाला. त्यांना आता नरनाळा करायचा होता. अकोटकडे, शहानूर गावातून चढायचा, त्याच डोंगराच्या रांगेतला दुसरा मोठा किल्ला, महाकाली दरवाजावर कमळांची नक्षी. मी म्हणालो दिवाळी होऊ द्या, कपाशीची वेचणी होऊ द्या. भाची म्हणाली पाणी संपायच्या आत चला, नाहीतर कोरडे छज्जे बघावे लागतील.

परतवाड्याला तिला अमरावतीच्या एसटीत बसवलं. कंडक्टरने बॅग उचलली आणि विचारलं, "पोरी, यात काय दगड भरले काय?"

"हो काका," ती म्हणाली.